सबनीसांचा शुक्रवार

सबनीसांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, आणि सिडनीच्या ऐन सिटीतल्या त्या जुन्या आयरिश पबची जेवढी माहिती त्यांना होती तेवढी त्या पबच्या मालकालाही नसेल. दारापासून मुतारीपर्यंत. शब्दाबद्दल माफ करा, पण सबनीस हाच शब्द वापरायचे, आणि तिथल्या फरश्या किती जुन्या आहेत हेही सांगायचे. ऐकणाऱ्याला हवं असो वा नसो.

पबचं नाव मी लिहिणार नाही. मी अजून तिथे जाते, दर शुक्रवारी, नोकरीचा भाग म्हणून. चारी बाजूंना काचेच्या उंच इमारती, आणि मध्ये कोपऱ्यावर ही दोन मजली, पिवळट दगडाची, बुटकी वास्तू. बाहेर बस, ट्राम, कोट घातलेली पळती माणसं. आत शिरलं की लाकडाचा, तळलेल्या बटाट्यांचा आणि सांडलेल्या बिअरचा वास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पर्स पोटाशी धरून उभी होते. आता कोणत्या टेबलाचा पाय डगमगतो तेही मला माहीत आहे. ही सगळी सबनीसांची कृपा.

विनायक सबनीस आमच्या कंपनीत सोळा वर्षं होते. आम्ही विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यातली सगळ्यात जुनाट, कोणालाही हात लावायची भीती वाटेल अशी जी सिस्टिम होती, ती सबनीसांची. माणूस बुटका, गोल चेहऱ्याचा, उन्हाळ्यातही फुल शर्ट आणि खिशाला पेन. घर केलीव्हिलला. मी नवी लागले तेव्हा आपलं माणूस दिसलं म्हणून आनंदाने 'सबनीसकाका' म्हटलं, तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "काका म्हणू नकोस गं. ऑफिसात वय कळतं." मग मी 'अहो सबनीस' म्हणायला लागले. बाकीचे सगळे 'विनी' म्हणायचे. हे नाव त्यांना मनापासून आवडायचं. "बघ, विनायकचं विनी केलं. परक्या माणसाचं नाव कोणी लाडाने छोटं करतं का?" असं ते म्हणायचे, आणि मला ते तेव्हा पटलंही होतं.

माझी नोकरी कायम व्हायची होती तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी चार वाजता मी लॅपटॉप बंद करून, डबा पिशवीत कोंबून लिफ्टकडे धावत होते. सबनीस आडवे आले.

"कुठे चाललीस?"

"ट्रेन. स्कोफिल्ड्सची. मुलीला डे-केअरमधून आणायचंय."

"निखिल कुठे आहे?" निखिल म्हणजे माझा नवरा.

"घरी. आज वर्क फ्रॉम होम आहे त्याचं."

"मग त्याला पाय नाहीत का? फोन कर. ट्रेन दर पंधरा मिनिटांनी असते. प्रमोशन नसतं."

मी म्हटलं, अहो पण मी पीत नाही. तर म्हणाले, "मी कुठे पितो? मी जिंजर बिअर घेतो. दारूचा अंशही नाही, रंग मात्र बरोब्बर. डेसला माहीत आहे, तो मोठ्या ग्लासात देतो." डेस म्हणजे तिथला म्हातारा बारवाला, खुद्द आयर्लंडचा. पाच वर्षं सबनीस त्या पबात दर शुक्रवारी जात होते, आणि डेस सोडला तर एकालाही कळलं नव्हतं की हा माणूस पीत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ बघितले. पण नुसतं भांडं घेऊन जायचं आणि ताकच घ्यायचं नाही, असा हा एकच.

त्या दिवशी त्यांनी मला पब दाखवला, शनिवारवाडा दाखवावा तसा. भिंतींना छातीपर्यंत हिरव्या टाइल्स का? तर पूर्वी इथले पब संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा होता. पाचला कामं सुटणार, सहाला दार बंद. मग तासाभरात माणसं ढोसायची ढोसायची आणि होतं नव्हतं ते तिथेच भिंतीवर. पाइप लावून धुता यावं म्हणून टाइल्स. बारच्या लाकडाखाली हात घालून त्यांनी मला एक खाच चाचपायला लावली. म्हणे कोणा कैदी गवंड्याने दगड घडवता घडवता आपल्या नावाचं अक्षर कोरलं होतं, आणि पुढे ते बघून सुताराने लाकडावर आपलं कोरलं. खरं-खोटं देव जाणे.

आणि मग 'स्नग'. दाराजवळ लाकडी फळ्यांनी बंद केलेली चिमुकली खोली, दुधी काचा, अर्धं दार, आणि थेट बारकडे उघडणारी खिडकी. पूर्वी बायका आणि पाद्री इथे बसून प्यायचे, कोणाला न दिसता. "म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलातली फॅमिली रूमच की!" मी म्हटलं. सबनीस इतके खूश झाले की पुढे हे वाक्य त्यांनी आपलं म्हणून वापरलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता तिथे साहेब लोक बसतात. बोर्डरूममध्ये काय होतं ते सांगू? तिथे फक्त वाचून दाखवतात. ठरतं ते इथे."

हे त्यांना कसं कळलं होतं, तेही त्यांनीच एकदा सांगितलं. दोनदा त्यांचं प्रमोशन हुकलं. दुसऱ्यांदा धीर करून ग्रेगला विचारलं, माझं काय कमी पडलं? ग्रेग आमचा मॅनेजर, सहा फुटी, सदा हसरा. तो म्हणाला, कामात काहीच नाही, विनी. फक्त आम्ही तुला तसे ओळखत नाही ना, मेट. मेट म्हणजे दोस्त.

दुसरा कोणी असता तर चिडला असता, घरी येऊन आदळआपट केली असती. सबनीसांना वाटलं, सिलॅबसमधला एक पेपर आपण वाचलाच नव्हता. एवढंच ना? मग वाचू. आपल्या लोकांचं हेच चुकतं बघा. लहानपणापासून डोक्यात भरवलेलं असतं की नीट अभ्यास केला की माणूस पास होतो. परीक्षा घेणाऱ्याला आपल्याला पास करायचंच नसेल, ही शक्यता सिलॅबसमध्ये नसते.

तर सबनीस अभ्यासाला लागले. त्यांच्याकडे एक छोटी वही होती. त्यात पानापानावर माणसं. 'ग्रेग: दोन मुली. थोरलीचा घोडा. घोड्याचा पाय दुखावला, विचारणे.' 'फिओना, एचआर: आई वृद्धाश्रमात. सायकलिंग.' गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते रग्बीचे निकाल पाठ करायचे. त्यांना खरा खेळ एकच यायचा, कॅरम. पण शुक्रवारी पाच वाजता 'काय डिफेन्स केला काल, नाही?' असं म्हणायचे आणि समोरचा बोलायला लागला की मान डोलवायचे. एकदा ग्रेगला विचारलं, पाय कसा आहे आता? घोड्याला इंजेक्शन देऊन मारल्याला महिना झाला होता. ग्रेग म्हणाला, थँक्स फॉर आस्किंग, मेट. सबनीसांनी वहीतली ओळ खोडली आणि दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने, सुनंदाताईंनी, मला नंतर सांगितलं. घरी या प्रकाराला 'क्लास' म्हणत. "आज शुक्रवार, ह्यांचा क्लास."

क्लासचा पहिला धडा म्हणजे शाऊट. चौघं पाचजण उभे असले की एक फेरी एकाने आणायची, सगळ्यांची, पुढची दुसऱ्याने. याला इथे शाऊट म्हणतात. आपण पुणेकर टीटीएमएमवाले, तुझं तू माझं मी. "इथे टीटीएमएम म्हणजे शिवी," सबनीस बजावायचे. "आणि आपली शाऊट यायच्या आधी सटकणं म्हणजे चोरी. माणूस खून करून सुटेल, पण हे विसरणार नाहीत." आमच्यातल्या एकाला शाऊटची पाळी आली की बरोबर बाथरूमला लागायची. त्याला सबनीसांनी सोमवारी कॅन्टीनमध्ये बसवून असा झापला की बिचारा पुढच्या शुक्रवारी दोनदा शाऊट करून बसला. स्वतः सबनीस आपली जिंजर बिअर घेऊन इतरांना खऱ्या बिअरच्या फेऱ्या पाजत. दुसऱ्याची शाऊट असली की तो 'विनीचं नेहमीचं' एवढंच म्हणायचा, आणि डेस बरोबर ते भरायचा. सहा ग्लास दोन हातांत धरून गर्दीतून यायचे, एक थेंब न सांडता. तोंडावर असा आनंद, की घरी सत्यनारायण आहे आणि हे तीर्थ वाटतायत.

मी हसायचे त्यांना. पण खरं सांगते, शिकले. कुठे उभं राहायचं, कधी हसायचं, कामाचं कधी बोलायचं नाही आणि कधी एकच वाक्य सोडून द्यायचं, सगळं त्यांच्याकडून. मी हुशार विद्यार्थिनी निघाले, हीच तर गोची झाली.

एकदा आमच्या डब्लिन ऑफिसमधून रोनन नावाचा माणूस आला होता. ग्रेगने त्याला पबात आणलं आणि सबनीसांना पुढे केलं. सबनीसांनी अर्धा तास त्या आयरिश माणसाला आयरिश पब समजावून सांगितला. टाइल्स, खाच, फॅमिली रूम. आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात कोणत्या जिल्ह्यातून कोण बोटीने आलं, तेही. रोनन पहिल्यांदा हसला, मग खरंच ऐकायला लागला. म्हणाला, माझी पणजी त्याच भागातली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ग्रेगने सबनीसांच्या खांद्यावर हात टाकला आणि ओरडला, "आमचा विनी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त आयरिश आहे!" सगळा बार हसला.

हे वाक्य सबनीसांनी मला महिनाभर ऐकवलं. सुनंदाताईंना ऐकवलं. पुण्याला आईला फोनवर ऐकवलं. मी मात्र त्या वेळी फिओनाच्या मागे उभी होते. ती फोनवर त्यांचं चित्रीकरण करत होती, आणि तिच्या शेजारची मुलगी सबनीसांच्या मान हलवण्याची हुबेहूब नक्कल करत होती. मी बघितलं, आणि बोलले नाही. कशाला त्यांचा आनंद घालवा, असं स्वतःला सांगितलं. वास्तविक मला त्या घोळक्यातून बाहेर पडायचं नव्हतं.

मग टीम लीडची जागा निघाली. सबनीसांनी अर्ज केला. मीही केला, तोही त्यांनीच लिहून घेतला. "कर गं, अनुभव मिळेल." निकाल लागला आणि जागा मला मिळाली. चार वर्षांची माझी नोकरी, आणि त्यांची तेव्हा पंधरा. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तर हे दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा घेऊन हजर. सुनंदाताईंनी केलेले बेसनाचे लाडू. "क्लासचा पहिला निकाल!" अख्ख्या फ्लोअरला वाटले. मला खात्री आहे, आतून त्यांचं काळीज फाटलं होतं. पण चेहऱ्यावर असा अभिमान की माझे वडीलही एवढे खूश झाले नसतील. त्या शुक्रवारी फक्त एक झालं. ते पबात आले, ग्लास घेऊन टाइल्सला टेकून उभे राहिले आणि एकाही माणसाशी आपणहून बोलले नाहीत.

"बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं.

"छे गं. दमलो थोडा." मग थांबून म्हणाले, "पुढची जागा माझी. ग्रेग म्हणाला तसं."

ग्रेग काय, कोणालाही काहीही म्हणायचा.

वर्षभराने कंपनीत माणसं कमी करायचं वारं सुटलं. एका बुधवारी दुपारी तीनला ग्रेगचा मेसेज आला, क्विक वन, म्हणजे झटपट एक ग्लास, स्नगमध्ये. बुधवारी! मी पर्स उचलली. सबनीसांनी मान वर केली.

"कुठे गं?"

"डेंटिस्ट," मी म्हटलं.

"जा जा. दाताचं दुखणं वाईट."

स्नगमध्ये ग्रेग, फिओना आणि मी. दुधी काचेचं दार लावलेलं. मला पहिल्यांदाच आत बोलावलं होतं, आणि लाजेने सांगते, पहिली पाच मिनिटं मला फक्त त्याचाच आनंद होत होता. फिओनाने यादी काढली. नावं एकेक करून झाली. मग ग्रेग म्हणाला, विनी.

"सगळ्यांना विनी आवडतो," फिओना म्हणाली. "पण तो नक्की करतो काय?"

मला माहीत होतं ते काय करतात. त्या जुनाट सिस्टिमचा एकेक कोपरा त्यांना पाठ होता. ती बंद पडली की लोकांचे क्लेम अडकतात, आणि ती बंद पडायची नाही, म्हणूनच तर कोणाला माहीत नव्हतं ते काय करतात. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. ग्रेग माझ्याकडे वळला. "माधवी, तू त्याच्या सगळ्यात जवळ आहेस. उद्या तो नसला तर तुझी टीम निभावून नेईल?"

निखिलचं काँट्रॅक्ट त्या महिन्यात संपत होतं. स्कोफिल्ड्सच्या घराचे हप्ते चालू होते. ही कारणं मी स्वतःला हजारदा दिली आहेत, आणि ती खरीही आहेत. पण त्या क्षणी माझ्या मनात ती आलीच नव्हती. त्या क्षणी एवढंच वाटलं, की आपण आत बसलोय, आणि आतल्या माणसाने अडचणीचं बोलायचं नसतं.

"मॅनेज होईल," मी म्हटलं.

"गुड ऑन यू," ग्रेग म्हणाला आणि फिओनाने रेघ मारली. ग्लास रिकामे झाले होते. शाऊट माझी होती. मी उठून त्या छोट्या खिडकीशी गेले. डेस ग्लास भरता भरता म्हणाला, "आज विनी नाही?"

"नाही. आज नाही."

दोन आठवड्यांनी सबनीसांना एका खोलीत बोलावून कागद वाचून दाखवला. सोळा वर्षं, चौदा मिनिटं. बाहेर आल्यावर त्यांनी आपला डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. मी जवळ गेले तर म्हणाले, "क्लेमच्या सिस्टिमचं मी तुला सगळं लिहून देतो. नाहीतर तुझे हाल होतील." चाळीस पानं लिहून दिली. त्या पानांवर आजही माझी टीम चालते.

आता ते पार उत्तर टोकाला, डार्विनला असतात, एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात, कंत्राटावर. वय छप्पन्न, आणि तिथला तो ओला उकाडा. सुनंदाताई केलीव्हिललाच, सुनेचं बाळंतपण आलं म्हणून. दिवाळीला मला सबनीसांचा मेसेज येतो. 'काळजी घे. तब्येतीला जप. लेकीला आशीर्वाद.' मी हात जोडल्याचं चित्र पाठवते. दुसरं काही पाठवायची माझी छाती होत नाही.

त्यांचा निरोपसमारंभ अर्थातच पबात झाला. शुक्रवारी चारला. फिओनाने आधी मला विचारलं होतं, विनीला काय द्यावं? मी कामात होते, म्हटलं, तुम्हीच बघा. ग्रेगने भाषण केलं, जास्त आयरिश असलेला विनी वगैरे, आणि एक लांबट खोका त्यांच्या हातात ठेवला. आयरिश व्हिस्की. चांगली, जुनी, महागाची. दहा वर्षं ज्या माणसाबरोबर दर शुक्रवारी उभे राहिले तो पीत नाही, हे एकालाही ठाऊक नव्हतं! आणि मला ठाऊक होतं, तर मी म्हटलं तुम्हीच बघा. सबनीसांनी तो खोका दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावतात की काय असं वाटलं. बारमागे डेस मान खाली घालून तोच तोच ग्लास पुसत राहिला.

साडेपाचला ते निघाले. मी त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. रस्त्यावर ऑफिसं सुटल्याची गर्दी, आणि त्यातून हे बुटके गृहस्थ खोक्याची पिशवी सांभाळत चाललेले. "सुनंदा म्हणेल, हे काय उचलून आणलंत. शेजाऱ्यांना देऊन टाकू," असं म्हणून हसले. मी हसले नाही. स्टेशनच्या सरकत्या जिन्याशी आलो तेव्हा ते थांबले, बाजूला झाले, माणसांना जाऊ दिलं.

"माधवी, एक विचारू? राग मानू नकोस."

"विचारा की."

"हे ठरलं ते त्या स्नगमध्येच ठरलं असणार. दुसरीकडे ठरतच नाही. तू होतीस का गं तिथे?"

सांगायला हवं होतं. ते ओरडले नसते. त्यांना ओरडता येतच नव्हतं.

"नाही हो," मी म्हटलं. "मला कोण बोलावतंय?"

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच ते मला जुन्यासारखे दिसले.

"मी सुनंदाला तेच म्हणत होतो! ती म्हणाली, माधवी लीड आहे, तिला माहीत असणारच. मी म्हटलं, शक्य नाही. माधवी आत असती तर माझ्यासाठी एक शब्द तरी बोलली असती. म्हणूनच तुला बोलावलं नसेल त्यांनी." माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं, पण ठेवला नाही, ऑफिसातली माणसं येत-जात होती. "सुनंदाला आज सांगतो. तिच्या मनातूनही जाईल."

मग ते जिन्यावर डाव्या बाजूला नीट उभे राहिले, इथल्या रिवाजाप्रमाणे. उजवीकडून माणसं धडाधड उतरत होती. थोडं खाली गेल्यावर ते वळले आणि पिशवी सावरत मोकळा हात वर करून हलवला. मीही हलवला. तिथला जिना फार खोल आहे. ते पार खाली पोहोचेपर्यंत वर बघत होते, त्यामुळे मला तोवर हात हलवत राहावं लागलं.